दुसरं फाटक

एनिड नुंगाराईने घराचा नकाशा उलटा धरला आहे असं कॉलिनला वाटलं, म्हणून त्याने तो तिच्या हातातून अदबीने काढून घेतला आणि सुलटा करून परत दिला. तिने तो पुन्हा उलटा केला.

"रस्ता या बाजूला आहे," ती म्हणाली. "मी रस्त्याकडे तोंड करून बसलेय. तुझा कागद कुणीकडे तोंड करून बसलाय?"

कॉलिन घरांच्या खात्याचा माणूस. ॲलिस या शहराहून पांढऱ्या टोयोटातून धूळ उडवत यायचा, दुपारपर्यंत सगळ्यांना घामेजल्या हाताने हस्तांदोलन करायचा आणि ऊन कलायच्या आत परत फिरायचा. माणूस वाईट नव्हता. त्याच्याबरोबर ब्रॉनविन नावाची मुलगी होती, घरांचे आराखडे काढणारी, नवीनच लागलेली. ती गम नावाच्या, निलगिरीसारख्या झाडाखाली वाळूत मांडी घालून बसली होती आणि एनिडचा सार्जंट नावाचा कुत्रा तिच्या बुटाची नाडी चावत होता. आजूबाजूला बायकांचा पत्त्यांचा डाव रंगला होता. सरकारी माणूस आला म्हणून डाव थांबवायची पेलिकन बोअर या वस्तीत पद्धत नाही. तशी तिथे कुणी कधी पेलिकनही पाहिलेला नाही.

नकाशात तीन झोपायच्या खोल्या होत्या, एक मोठी बैठकीची खोली, कोपऱ्यात स्वयंपाकाचा ओटा. पुढे एक दार, मागे एक दार, दोन्ही त्याच बैठकीच्या खोलीत उघडणारी. तिथून एक बोळ निघायचा, त्याच्या दोन्ही अंगांना खोल्या आणि टोकाला न्हाणीघर. एनिडने नखाने एका खोलीपासून रेघ ओढली.

"मी इथून निघाले, न्हाणीकडे." मग दुसऱ्या खोलीपासून. "तो न्हाणीतून निघाला, आपल्या खोलीकडे. आता?"

"आता काय?" कॉलिन म्हणाला.

"आता आम्ही दोघंही लाजेने मेलो. पुढे घरात कोण राहणार?"

बायका हसल्या. कॉलिनही हसला, पण त्याला ते पटलेलं नव्हतं. 'तो' म्हणजे एनिडचा जावई. त्याचं नाव या गोष्टीत येणार नाही, कारण ते एनिडच्या तोंडी कधी आलं नाही आणि तिच्यासमोर ते घ्यायची कुणाची छाती झाली नाही. इथल्या मूळनिवासी वार्लपिरी माणसांत सासूने आणि जावयाने एकमेकांसमोर यायचं नसतं, एकमेकांशी बोलायचं नसतं, एकाने बसल्या जागी दुसऱ्याची पाठसुद्धा बघायची नसते. हे भांडण नव्हे. हा मान आहे, आणि तो पाळायला भांडणापेक्षा कितीतरी जास्त कष्ट पडतात. एनिड दुकानात शिरली की जावई हातातलं सामान तसंच ठेवून मागच्या दाराने बाहेर पडायचा. त्याची गाडी वळणावर दिसली की एनिड अंगावरची चादर डोक्यावरून ओढून पाठ फिरवायची. मुलीच्या लग्नाला अठरा वर्षं झाली, आणि या अठरा वर्षांत दोघांपैकी एकाकडूनही चूक झालेली नव्हती. पेलिकन बोअरमध्ये ही गोष्ट लोक अभिमानाने सांगत.

कॉलिनने उपाय सुचवले. बोळात पडदा लावू. बाहेर पडायच्या आधी दोघांनी खोकायचं. शेवटी तो आवाज खाली आणून म्हणाला की चार भिंतींच्या आत काय चालतं ते बघायला कोण येतंय.

"मी असते ना तिथे," एनिड म्हणाली. "मी बघतेय."

मग त्याने दुसरा मार्ग काढला. वस्तीच्या पार त्या टोकाला म्हाताऱ्यांसाठी एकेका खोलीची घरं होती, त्यातली एक रिकामी होती. एनिडने तिकडे राहायचं, मुलगी-जावई नव्या घरात. त्याच्या दृष्टीने सगळं सुटत होतं. एनिडने त्या टोकाकडे पाहिलं. तिथे तिच्या वयाच्या बायका दारात बसून कुणी येतंय का याची वाट बघत असत. तिची नातवंडं तिच्या अंगावर पाय टाकून झोपत होती, सकाळी निखाऱ्यातला पाव आधी तिच्या हातचा खात होती.

"नाही," ती म्हणाली.

"बाई, रांगेत दुसरी कुटुंबं आहेत. काँक्रीटचा ट्रक यायच्या आत सही झाली नाही, तर हे घर पुढच्या कुटुंबाला जाईल."

पुढचं कुटुंब म्हणजे टॉप्सीच्या मुलाचं. टॉप्सी ही एनिडची चुलतबहीण, आणि ती शेजारीच बसून पत्ते पिसत होती. आपल्याला चालेल म्हणून ती मोठ्याने बोलली. एनिडने तिला गुमान पत्ते वाटायला सांगितलं.

घर मिळावं म्हणून एनिडच्या माणसांनी बरीच वर्षं काढली होती. तिचा नवरा गेला तेव्हा रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी राहतं घर सोडलं, ते दुसऱ्यांकडे गेलं. तेव्हापासून मुलगी मार्लीन आणि जावई त्याच्या भावाच्या घरी दोन खोल्यांत इतर दहाजणांबरोबर, आणि एनिड त्या घरापासून हाकेच्या अंतरावर पत्र्याच्या आडोशाला. मुलं दोन्हीकडे. मार्लीन दिवसातून कितीतरी वेळा हे अंतर चालायची, एका हातात आईचं ताट, दुसऱ्या हातात चहाचा डबा. नकाशावर सही झाली नाही हे कळल्यावर ती ताट घेऊन आली ते आपटूनच ठेवलं.

"तुझ्या हट्टापायी घर जाणार आई."

"जाऊ दे."

"जाऊ दे? पोरांचे कान वाहतायत त्या गर्दीत. मी एका खोलीत रांधते आणि दुसऱ्या टोकाला वाढते. अठरा वर्षं तुम्हा दोघांच्या मधली भिंत कोण आहे ठाऊक आहे का तुला? मी आहे. आता जरा विटांची बांधू दे की."

ते बोलणं एनिडच्या जिव्हारी लागलं. ती रागावली नाही, कारण मुलगी खरं बोलत होती. तिने अर्धं ताट खाल्लं, अर्धं सार्जंटला दिलं आणि घोरपडी खणायची लोखंडी पहार उचलून ती आपल्या नव्या घराच्या जागेकडे निघाली.

जागा आखून ठेवलेली होती. चार खुंट्या आणि मधे लाल वाळू, एका अंगाला मोठं गमचं झाड. एनिडने वाळूत बोटाने गोष्टी काढत काढत तीन पिढ्यांची पोरं झोपवली होती. माणसं कुठे बसली, पाणी कुठे आहे, कोण कुठून आला, सगळं रेघांत. फक्त आजवर तिची वाळू हातभर असायची. आता तिने पहारीचं टोक जमिनीत रोवलं आणि चालायला लागली.

संध्याकाळपर्यंत पूर्ण मापाचं घर उभं राहिलं, म्हणजे आडवं पडलं. पूर्वेला तिची खोली, रस्त्याकडे तोंड, तिचं स्वतःचं दार आणि स्वतःचं न्हाणीघर, आणि घराच्या आतून त्या खोलीत शिरायला एकही वाट नाही. मधे मोठी चूल आणि बसायची जागा, मार्लीनची. पश्चिमेला मुलीची आणि जावयाची खोली, त्यांचं दार त्यांच्या बाजूला. मुलांच्या दोन खोल्या मधल्या अंगाला, म्हणजे आजीकडे ओसरीवरून धावत येता येईल. भिंत म्हणजे ओढलेली रेघ, दार म्हणजे रेघेतली फट, सगळ्याभोवती कुंपणाची रेघ आणि फाटक रस्त्याकडे. ओसरीवर तिने कुत्र्यांना जागा ठेवली. टॉप्सीला पत्ते खेळायला सावलीतला कोपरासुद्धा ठेवला, म्हणजे तोंड बंद राहील.

मग ती तिथे राहायला गेली. वळकटी नेली, चहाचा डबा नेला, मुलांना बोलावलं. भिंतीतून जायचं नाही, दारातूनच जायचं, असा कडक नियम. पहिल्या दिवशी मुलं हसून लोटपोट झाली, दुसऱ्या दिवशी ती एकमेकांना भिंत ओलांडल्याबद्दल बडवायला लागली. अख्खी वस्ती बघायला येऊन गेली. कुणी विचारलं की छपराला गळती आहे का. कुणी न्हाणीघराच्या रेघेबाहेर उभं राहून आत कोण आहे म्हणून ओरडलं. एनिड सगळ्यांना सारखंच उत्तर द्यायची, आत यायचं असेल तर दार तिकडे आहे. टॉप्सी आपल्या कोपऱ्यात येऊन बसली आणि घर बरं आहे म्हणाली, फक्त वारा फार लागतो. भिंती न मानणारे तेवढे कुत्रे होते.

मार्लीनही आली. पहिल्यांदा नाक मुरडत आली, पण मधल्या चुलीवर तिने एक दिवस रांधलं आणि बसल्या जागेवरून आईच्या ओसरीवर ताट सरकवलं, तेव्हा तिच्या चेहऱ्यावरचे भाव बदलले. हाकेचं अंतर हाताच्या अंतरावर आलं होतं.

आला नाही तो जावई. तो रस्ते सपाट करायच्या यंत्रावर कामाला होता, कधी कधी आठवडाभर बाहेर असायचा. परत आला तो सरळ भावाच्या घरी गेला. दुसऱ्या दिवशीही तिकडेच. पश्चिमेकडची खोली रिकामी. एनिडच्या मनात ते सलत राहिलं. ती त्याच्याबद्दल बोलू शकत नव्हती, म्हणून वाऱ्याशी बोलली. काही काही माणसांना वाळूचं घर कमीपणाचं वाटतं, असं ती मार्लीन ऐकेल इतक्या बेताने म्हणाली. मार्लीन निखारे सारत राहिली. ते एनिडला जास्त लागलं. आपण कुणासाठी एवढं करतोय, मानासाठी करतोय, आणि ज्याचा मान तोच पाठ फिरवून बसलाय. तिच्या जिद्दीला पहिल्यांदा तडा गेला तो इथे.

दुसऱ्या दिवशी टॉप्सी तिला बळेच घोरपडीला घेऊन गेली. दोघी ऊन उतरताना एक बरी जाडजूड घोरपड घेऊन परतल्या. एनिड घराजवळ आली आणि थबकली. तिने हातातली घोरपड टॉप्सीकडे दिली.

वाळूत पावलं होती. अनवाणी. कामावर बूट घालणाऱ्या माणसाने मुद्दाम बूट काढून उमटवलेली, कारण बूट कुणीही पायात घालू शकतो आणि पाऊल फक्त एकाचंच असतं. उजव्या पायाचं शेवटचं बोट बाहेर वळलेलं. ज्या माणसाचं तोंड तिने कधी पाहिलं नव्हतं, त्याचं पाऊल तिला आपल्या मुलीच्या पावलाइतकं ओळखीचं होतं.

ती पावलांबरोबर चालली. पावलं गमच्या झाडाखालून निघत होती, जिथे गाडी उभी करायला एकच सावली होती. तिथून फाटकाकडे, म्हणजे रस्त्याच्या बाजूच्या दोन खुंट्यांकडे. फाटकातून आत चार पावलं, आणि समोर एनिडचं दार. तिथे टाचा खोल रुतल्या होत्या. माणूस थांबला होता. मग वळला होता.

एनिडला सगळं उमगलं आणि तिला इतकं ओशाळल्यासारखं झालं की ती तिथेच खाली बसली. आपल्या खोलीचं तोंड तिने रस्त्याकडे ठेवलं होतं, कोण येतंय जातंय ते दिसावं म्हणून. आत यायचं फाटक तिथेच. म्हणजे रोज कामावरून आलेला माणूस आपल्या खोलीत जायचा तर सासूच्या दारावरून. तिने मुलांच्या वाटा आखल्या, कुत्र्यांची जागा ठेवली, टॉप्सीचा कोपरा ठेवला, आणि जावई कुठून येईल, कुठून जाईल हे तिच्या डोक्यातच आलं नाही. कसं येणार? तो आला की ती अठरा वर्षं पाठ फिरवत होती. तो कुठून चालतो हे तिने कधी बघितलंच नव्हतं.

पावलं पुढे गेली होती. घराला लांबून वळसा घालून, मागच्या अंगाने, पश्चिमेच्या कुंपणाच्या रेघेपर्यंत. तिथे टाचेने दोन आडव्या रेघा ओढलेल्या. फाटक. फाटकाबाहेर गाडीच्या चाकांचे ठसे, म्हणजे त्याने झाडाखालची गाडी काढून तिकडे उभी करून बघितली होती. भर उन्हात, जिथे दुपारनंतर गाडीच्या पत्र्याला हात लावता येणार नाही. सावली त्याने सोडून दिली होती. फाटकापासून त्याच्या दारापर्यंत तो दोनदा तीनदा चालला होता, वाट नीट दिसावी म्हणून.

अठरा वर्षांत जावयाने तिला सांगितलेली ही पहिली गोष्ट होती. एनिडच्या डोळ्यांना धार लागली. टॉप्सीने ऊन लागलं का म्हणून विचारलं.

"नाही गं," एनिड म्हणाली. "घराला एक फाटक कमी होतं."

तिने पहार घेतली, त्याच्या दोन रेघांशी गेली आणि त्या आणखी खोल केल्या. त्या संध्याकाळी गाडी पश्चिमेला येऊन थांबली. एनिड आपल्या ओसरीवर रस्त्याकडे तोंड करून बसली होती, आणि पाठीमागे, दोन भिंतींच्या पलीकडे, मुलं बापाच्या अंगावर चढून हसत होती. तिला चादर ओढावी लागली नाही.

कॉलिन आला तो काँक्रीटच्या ट्रकच्या आधी, सही घ्यायला. गाडीतून उतरला आणि कागद हलवत सरळ एनिडकडे निघाला.

"तू भिंतीतून आलास," एनिड म्हणाली.

तो हसला. कुणी हसलं नाही. मुलं सुन्न होऊन त्याच्याकडे बघत होती, कारण तो त्यांच्या खोलीच्या मधोमध उभा होता.

"परत जा. दारातून ये."

कॉलिनने आजूबाजूला पाहिलं. ब्रॉनविन बाहेर फिरून फाटकाशी गेली होती आणि तिथून दारातून आत आली होती. ती एनिडला म्हणाली, "आत येऊ का आजी?" आणि आत येऊन बसली. कॉलिन मागे गेला, फाटकातून आला, दाराशी थांबला. मग त्याला चहा मिळाला.

ब्रॉनविनने फीत काढून सगळं मोजून घेतलं. मोजून झाल्यावर ती आणि कॉलिन गाडीच्या सावलीत बराच वेळ वाद घालत राहिले. न्हाणीघराचे दोन भाग होतील का, नळ किती लांब न्यावा लागेल, बोळ काढून टाकला तर ती जागा कुठे मिळेल. ब्रॉनविन माघार घेत नव्हती. शेवटी कॉलिन कपाळ पुसत परत आला आणि घर होईल म्हणाला. वाळूत आहे तसंच, वीतभर इकडे तिकडे.

"फक्त ते मागचं फाटक नाही. कुंपणाचं काम वेगळ्या कंत्राटात आहे. एका घराला एक फाटक, सगळीकडे तसंच आहे. ते कुणाला पाहिजे आहे? तुमच्या..." आणि त्याने जावयाचं नाव घेतलं.

एनिडने डोक्यावरून चादर ओढली. ब्रॉनविनने कॉलिनच्या दंडाला हात लावला. चादरीच्या आतून एनिडचा आवाज आला.

"बाकी सगळं पूस. माझी खोली पूस, न्हाणी पूस. मी पत्र्याखाली परत जाते. ते फाटक ठेव."

कॉलिनने पेन पुढे केलं आणि बघतो म्हणाला. 'बघतो' या शब्दाचा अर्थ एनिडला चांगला ठाऊक होता. पण मार्लीन तिच्याकडे बघत होती, डोळ्यांत प्राण आणून. एनिडने चादरीबाहेर हात काढून सही केली.

घर झालं. खरंच वाळूतल्यासारखं झालं. पूर्वेला तिची खोली, तिची ओसरी, मधे चूल, ज्यांतून जाता येत नाही अशा खऱ्या भिंती. मुलं पहिल्या दिवशी भिंतींवर थापा मारत फिरली. जावई मागच्या अंगाने मोकळ्या वाळूतून आपल्या दाराने ये-जा करायला लागला आणि त्याच्या पायांनी तिथे पायवाट पडली. त्या वाटेकडे एनिड कधी फिरकली नाही. एवढ्यात थंडी सुरू झाली आणि कुंपणवाले आले. तारेची गुंडाळी, लोखंडी खांब. दिवसभरात त्यांनी घराभोवती छातीइतकी जाळी ओढली आणि फाटक एकच बसवलं, पूर्वेला, एनिडच्या दारासमोर. पश्चिमेच्या वाटेवर जाळी आडवी गेली. एनिडने त्यांना सांगून पाहिलं. त्यांनी आपला कागद दाखवला.

त्या दिवसापासून जावई पुन्हा भावाच्या घरी. मार्लीन पुन्हा ताट घेऊन, आता नवऱ्यासाठी, जाळीवरून. एनिडने दुकानातल्या फोनवरून कॉलिनला गाठलं. अर्ज करा, पुढच्या वर्षी बघू, असं उत्तर मिळालं. तिने फोन ठेवला तो इतक्या जोरात की दुकानदारीण दचकली.

दोनच दिवसांनी, पहाटे सरपण आणायला निघालेल्या एनिडला पश्चिमेची जाळी कापलेली दिसली. नीट, सरळ, माणूस जाईल एवढी, आणि कापलेली टोकं आत वळवून ठेवलेली, म्हणजे मुलांना लागू नयेत. खाली बुटांचे ठसे. डाव्या टाचेची कड झिजलेली, जावयाच्याच बुटांची.

आज कॉलिन यायचा होता, कुंपणाचं काम बघून शेवटचा शिक्का मारायला. आणि रस्त्याचं काम ज्यांच्या हातात होतं ते आणि कॉलिन एकाच इमारतीत बसत. सरकारी कुंपण तोडणाऱ्या माणसाला यंत्रावर कोण ठेवील? आणि बूट बघून माणूस ओळखायला कॉलिनला येत नसलं, तरी ओळखणारे त्याच्या गाडीत असू शकत होते.

एनिडने मार्लीनला हाक मारून विचारलं की तिचा माणूस कामावर गेला का. गेला, अंधारातच गेला. मग तिने मलगाच्या झुडपाची एक झुबकेदार फांदी तोडली आणि ती वाट झाडायला लागली. जाळीच्या फटीपासून दारापर्यंत, बाहेर गाडीच्या चाकांपर्यंत, एक ठसा राहिला नाही. वाळू साफ झाली, आणि साफ वाळू कुणाच्याही डोळ्यांत भरते. कुणीतरी काहीतरी पुसलंय हे सांगायला तेवढं पुरे. एनिड काठावर उभी राहिली. ती वाट त्याची होती. घर झाल्यापासून तिने तिथे आपलं पाऊल कधी उमटू दिलं नव्हतं. तिला भीती वाटली, खरंच वाटली, एवढी वर्षं जपलेली गोष्ट आपण आपल्याच पायांनी मोडतोय की काय अशी. मग तिने पदर खोचावा तसा झगा वर खोचला आणि ती चालू लागली. दारापासून फटीपर्यंत, फटीपासून दारापर्यंत, पाय दाबून, टाच रोवून.

टॉप्सी पत्ते घेऊन आली होती, ती जाळीला टेकून बघत राहिली. "नाचतेस कशाला सकाळी सकाळी?"

"गप्प बस आणि माझी पहार दे."

कॉलिन आला तेव्हा एनिड जाळीच्या फटीत बसली होती, मांडीवर पहार आडवी. त्याने कापलेली जाळी पाहिली, आणि त्याचा चेहरा लाल झाला.

"हे कुणी केलं?"

"मी."

"बाई, तुमची बोटं बघा. तुमच्याच्याने चहाच्या डब्याचं झाकण उघडत नाही."

"बोटं बघू नकोस," एनिड म्हणाली. "जमीन बघ."

त्याने पाहिलं. ब्रॉनविननेही पाहिलं. आखूड, पसरट, अनवाणी पावलं, सगळीकडे एकाच बाईची. कॉलिनने टॉप्सीला विचारलं. टॉप्सीने शपथेवर सांगितलं की आपण एनिडला इथे फिरताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. ते खरंच होतं.

"उद्या मी पुन्हा जाळी लावून घेतली तर?"

"तर परवा पुन्हा माझे पाय इथे दिसतील. आणि तुला म्हातारीला पकडून न्यायचं असेल तर पुढच्या फाटकातून ने, सगळ्यांसमोर. जाळीतून नको."

कॉलिनने ब्रॉनविनकडे पाहिलं. ती खाली वाकून फटीला फीत लावत होती. कापलेल्या टोकांच्या आत वळवलेल्या तारेवर तिचं बोट थोडा वेळ थांबलं, मग तिने फीत गुंडाळली.

"फाटकाच्या मापाचंच आहे," ती म्हणाली. "गोदामात एक जास्तीचं पडलंय."

कॉलिनने शिक्का न मारताच कागद मिटला. जाळी कापल्याबद्दल तक्रार लिहावी लागेल म्हणाला. एनिडने आपलं नाव कसं लिहायचं ते त्याला सांगितलं, एकेक अक्षर, म्हणजे चूक व्हायला नको. फाटक पुढच्या खेपेला आलं.

पण त्या दिवशी अजून फाटक नव्हतं, नुसती फट होती. संध्याकाळी पश्चिमेला गाडी थांबल्याचा आवाज आला. एनिड आपल्या ओसरीवर रस्त्याकडे तोंड करून बसली होती. गाडीचं दार वाजलं, आणि मग बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. आपण त्याच्या वाटेवर चाललो, त्याने ते पाहिलं असणार, आता तो गाडी वळवून भावाकडे निघून गेला तर? शेवटी आतून मुलांचा गलका उठला, आणि मार्लीनने मधल्या चुलीवरून आईचं ताट सरकवलं. ताटात कांगारूच्या शेपटीचा सगळ्यात मोठा तुकडा होता.

सकाळी घरातला माणूस कामावर गेल्याची खात्री करून एनिड पश्चिमेला गेली. फटीच्या बाहेर बुटांचे दोन ठसे होते, शेजारी शेजारी, जिथे त्याने उभं राहून ते काढले होते. तिथून दारापर्यंत अनवाणी पावलं, उजव्या पायाचं शेवटचं बोट बाहेर वळलेलं. वाटभर तिचीच पावलं पसरली होती, पाय ठेवायला धड जागा नव्हती. तो कडेकडेने गेला होता, कुठे लांब ढांग टाकून, कुठे चवड्यावर. तिच्या एकाही ठशावर त्याचा पाय पडलेला नव्हता.